विळ्याशेजारची चकती

घरी कोणी नवीन पाव्हणं आलं की त्यांची नजर हमखास फडताळावरच्या त्या केशरी चकतीवर जाते. "हे कशाचं झाकण हो?" असं विचारतात. मी "पिठाच्या डब्याचं" म्हणून सांगते आणि चहा टाकायला आत जाते. खरं सांगायला गेलं तर अर्धा तास मोडतो, आणि सगळं ऐकून समोरचा म्हणतो, "जाऊ द्या ताई, नशिबात नव्हतं." नशिबाचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नशिबानं काय केलं त्यात? जे केलं ते मी केलं, चांगली शुद्धीत असताना, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

माझं माहेर जालना जिल्ह्यातल्याच आष्टीचं. शाळेत मी थाळी फेकायची. माझा हात असा होता की थाळी मोजायला उभी राहिलेली पोरं आधीच चार पावलं मागं सरकून उभी राहायची. लग्न होऊन मंठ्याला आले. नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, घरात सासू, दारात एक म्हैस, घरामागं दीड एकराचा तुकडा. मला पोलीस व्हायचं होतं. लग्नाआधी सांगून टाकलं होतं, आणि नवऱ्यानं "हो" म्हटलं होतं. तो शब्दाला पक्का निघाला, खोटं कशाला बोलू. दोनदा भरतीला उतरले. गोळाफेकीत पैकीच्या पैकी, आणि आठशे मीटरला दरवेळी घोडं पेंड खायचं. माझे पाय जड, त्याला मी काय करू? दुसऱ्या वेळीही यादीत नाव आलं नाही. वयात बसणारी एकच भरती उरली होती.

त्याच सुमाराला शाळेतल्या आमच्या खेळाच्या सरांचा फोन आला. म्हणाले, "डिस्क गोल्फ नावाचा खेळ जिल्ह्यात आलाय. तुझा हात मला ठाऊक हाय. राज्याला खेळलीस तर सर्टिफिकेट भेटतं, खेळाडूंच्या जागेत अर्ज करता येतो. संघटनेचे सचिव बराबर सांगून राह्यले." मी विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय? तर थोड्या थोड्या अंतरावर साखळ्या लावलेल्या टोपल्या उभ्या असतात. ठरलेल्या खुणेवरून प्लास्टिकची चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. पळायचं बिलकुल नाही. हे ऐकलं आणि मी तिथंच "हो" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सर एक पोतं घेऊन घरी आले. अंगणात पालथं केलं तर रंगीबेरंगी चकत्यांचा ढीग. सासू दारातूनच म्हणाली, "अगं बाई, बोहारीण झालात का काय सर तुम्ही?" सर हसले. मला म्हणाले, "सगळ्या जिल्ह्याला एवढंच पोतं हाय. एकीला एकच. दोन दिवस ठेव, सगळ्या फेकून बघ, मंग एक सांग."

मोठ्या शहरातल्या खेळाडूंच्या पाठीवर आठ-दहा चकत्यांची पिशवी असते म्हणे. लांबची वेगळी, मधली वेगळी, टोपलीजवळची वेगळी. मला एकीवर सगळं निभवायचं होतं.

सोयाबीन निघालेल्या रानात मी दोन दिवस फेकत होते. नवऱ्यानं जुन्या सायकलच्या रिंगला मोटारसायकलच्या झिजलेल्या चेना टांगल्या, खाली लोखंडी घमेलं बांधलं, आणि बांधावर एका खांबाला ते धूड उभं करून दिलं. पहिल्यांदा मी उचलली ती पातळ कडेची चकती. तिची कड अशी की बोटाला लागेल. थाळीफेकीचा हात, दुसरं काय सुचणार? ती सुसाट गेली, थेट शेजाऱ्याच्या कपाशीपलीकडं, आणि शेवटी डावीकडं वळून विहिरीच्या काठाशी पडली. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. पण जवळून फेकायला गेले तर तीच चकती चेनांवर आदळून ताडकन बाहेर उडायची. मग जाड कडेची, खोलगट अशी एक घेतली. ती टोपलीत अलगद बसायची, पण लांब जायला तयार नाही. चाळीस पावलांवर जीव टाकायची. मी ही उचल, ती ठेव, असं करून वैतागून बांधावर बसले.

सासू शेजारीच म्हशीला गवत कापत होती. तिच्याकडं एक विळा आहे, तिच्या लग्नातला असेल. गवत त्यानंच कापायचं, ज्वारीची कणसं त्यानंच खुडायची, मेथीची जुडी त्यानंच सोडायची, नारळाची शेंडीसुद्धा त्यानंच काढायची. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नाही. माझ्यासमोर पडलेला तो ढीग बघून ती म्हणाली, "एवढ्या कशाला लागत्यात? माझं एका विळ्यावर भागून राह्यलं की चाळीस वर्षं."

ती टोमणा मारत होती. पण मला ते पटलं. विळ्यानं झाड तोडता येत नाही आणि सुईचं काम करता येत नाही, पण मधलं सगळं होतं. मग मी त्या ढिगातून मधल्या जातीची शोधली. फार पातळ नाही, फार जाड नाही, हातात भरेल अशी केशरी. ती विहिरीपर्यंत जात नव्हती, कपाशीच्या अलीकडंच पडायची, पण नाकासमोर सरळ जायची. मनगट जरा कलतं केलं की उजवीकडं वळायची, दुसरीकडं कलतं केलं की डावीकडं. आणि जवळून हळू सोडली की चेनांना धरून घमेल्यात खाली. सर पोतं न्यायला आले तेव्हा मी ती चकती पाठीमागं धरून उभी होते, लहान पोरीसारखी.

वर्षभर मी ती चकती फेकली. सकाळी गवत आणायच्या आधी आणि संध्याकाळी धार काढायच्या आधी. काठावर दगडांचे चट्टे पडले, आणि गंमत म्हणजे तशी झिजल्यावर ती आणखी सरळ जायला लागली. तिचा काठ माझ्या बोटांना अंधारातसुद्धा ओळखू आला असता. गल्लीतल्या बायका हसायच्या. "पोलीस व्हायला निघाली अन् ताटल्या फेकायला लागली." सासूही त्यांच्यात हसायची, आणि मला ते फार लागायचं. तोंडावर काही बोलायची नाही, पण "ताटली" म्हणायची. "तुझी ताटली आवर, म्हैस पाय देईल." मी कधी उलटून बोलले नाही. आत मात्र आग व्हायची. या बाईनं एकदा तरी म्हणावं, की हिचं काम काम आहे. एवढंच मला पाहिजे होतं. त्या एवढ्याशासाठी माझी किती माती होणार होती ते तेव्हा कुठं ठाऊक होतं!

राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्यातून दोन बायका निवडायच्या होत्या. निवड चाचणी दिवाळीनंतर, असं सरांनी सांगितलं होतं. त्याच्या कितीतरी आधी दसरा आला.

आमच्या घरी खंडेनवमी कडक. घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून घटासमोर मांडायची, हळदीकुंकू लावायचं, आणि दसऱ्याचा निवद होईपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. नवरा त्या दिवशी दुकान उघडत नाही. एकदा एक माणूस गाडी ढकलत दारात आला होता, बायको-लेकरू बरोबर. नवऱ्यानं त्याला हात जोडले आणि शेजारच्या पंक्चरवाल्याकडं पाठवलं, पण पान्हा उचलला नाही.

त्या नवमीला मी दुपारी रानातून आले. देवघरासमोर पाटावर सगळं मांडलेलं. कुदळ, खुरपी, नवऱ्याचे पान्हे, हातोडी, सासूचा विळा. आणि विळ्याच्या अगदी शेजारी माझी केशरी चकती. साबणानं धुतलेली, कोरडी पुसलेली, मधोमध हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. मी उंबऱ्यातच थांबले. सासू निवदाची तयारी करत होती. मागं वळून न बघता म्हणाली, "तुझं बी हत्यारच हाय की. मांडलं मंग."

मी न्हाणीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले. तीन वर्षं त्या घरात राबत होते, भरतीच्या दोन्ही वेळा तोंड पाडून परत आले होते, तेव्हाही इतकी रडले नव्हते. तिनं ताटली म्हटलं नाही, हत्यार म्हटलं.

त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी सरांचा फोन. आवाजच सांगत होता की काहीतरी बिनसलंय. "चाचणी उद्याच हाय. सकाळी आठला, जालन्याला. सचिव म्हणून राह्यले की उद्या सगळ्यांना सुट्टी, अन् नावं परवा वर पाठवायची हायत. मला बी आत्ताच कळलं. जल्दी ये, उशीर झाला तर नाव कापतील."

मी फोन ठेवला, घरात सांगितलं आणि पाटाकडं बघितलं. नवऱ्यानंही तिकडंच बघितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "उचल की. देव काय हात धरतोय का?" सासू वाती वळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वाती वळायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

आता विचार करते तेव्हा मला तिचं ते बघणं आठवतं. ती वाट बघत होती. तेव्हा मला वाटलं, ती मला जोखतेय. आज मान दिला, आता ही काय करते बघू, असं. आणि मी तोऱ्यात म्हणाले, "राहू द्या. पूजेतलं उचलायचं न्हाई. तिथं कोणाची तरी घेईन. हात तर माझाच हाय ना?"

नवरा म्हणाला, "अगं पण..." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. सासूनं मान हलवली आणि पुन्हा वाती वळायला लागली. मला वाटलं, जिंकले मी. आता ही गल्लीत सांगेल, आमच्या सुनेला घरची रीत कळते. किती मूर्ख असावं माणसानं!

पहाटे नवऱ्यानं मोटारसायकल काढली. गाडी पुजायची राहिली होती, निवदाच्या वेळी पुजणार होता, म्हणून तेवढी सुटली. रस्त्यानं झेंडूच्या ढिगांशी माणसं बसायला लागली होती. जालन्याला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सरांनी मला रिकाम्या हातानं बघितलं आणि विचारलं, "चकती कुठाय?" मी सांगितलं. ते तोंडावर हात ठेवून दुसरीकडं बघायला लागले. पोतं तर कधीच वाटून संपलं होतं.

जालन्याची एक पोरगी होती, पाठीवर चकत्यांची भरगच्च पिशवी. चांगल्या स्वभावाची. ती स्वतःहून म्हणाली, "ताई, माझ्यातली एक घ्या ना." मी माझ्यासारखी मधली मागितली. ती ओशाळली. "तसली एकच हाय अन् ती मला लागती. या दोनमधली कोणती बी घ्या." एक पातळ कडेची आणि एक जाड खोलगट. त्याच दोन जाती, ज्या मी वर्षापूर्वी रानात नाकारल्या होत्या.

मला शहाणपण असतं तर मी जाड घेतली असती. लांब जायला चार फेकी जास्त लागल्या असत्या, पण टोपलीजवळ त्याहून जास्त वाचल्या असत्या. पण आजूबाजूला बायका बघत होत्या, सचिव बघत होते, आणि मी रिकाम्या हातानं आले म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. म्हटलं, एकदा लांब फेकून दाखवते यांना. मी पातळ घेतली.

पहिल्याच फेकीला सगळ्यांच्या माना वर गेल्या. कोणाचीच तेवढी लांब गेली नव्हती. सरसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. पण टोपलीजवळ आले की ती चकती साखळीवर आपटायची आणि टणकन बाहेर. एकदा बाहेर, दोनदा बाहेर. सरळ जायला पाहिजे तिथं डावीकडं बाभळीत शिरायची. नऊ टोपल्या होत्या. सहाव्या टोपलीपर्यंत मी दुसरी होते. सातवीला तीन पावलांवरून साखळीवर मारली आणि ती उडून उतारानं गडगडत गेली. मी तिच्यामागं चालत गेले, पळायची लाज वाटली. शेवटी हिशेब लागला. जालन्याची पोरगी पहिली. दुसरी जागा केदारखेड्याच्या एका मास्तरीणबाईला, माझ्यापेक्षा एक फेक कमी. फक्त एक.

त्या पोरीनं माझी समजूत काढली. मी तिची चकती तिच्या हातात दिली आणि "चांगली हाय" म्हणाले.

दुपारी तीनला घरी पोचलो. निवद कधीचा होऊन गेला होता. अंगणात म्हैस रवंथ करत बसली होती, आणि तिच्यापुढं ओल्या गवताचा भारा. त्या भाऱ्यात विळा खोचलेला. पात्यावर हिरवा रस सुकून काळपट झाला होता, आणि मुठीवरचं कुंकू हाताला लागून फासलं होतं.

"हे कवा उचललं, आत्या?" मी सासूला विचारलं.

"पहाटं. तुम्ही गेलात अन् लगेच. म्हैस सारखी वरडत होती, रात्रीचं गवत संपल्तं. तिला काय कळतं दसरा?"

"पण पूजेतला होता ना?"

"मंग? देवीला कुंकू लावलं, म्हणलं, बाई, जनावर उपाशी हाय, घेते. अन् घेतला. उपाशी ठिवायचं का मंग?" तिला माझ्या विचारण्याचं नवल वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि खाली बसली. "अगं, तू मागायची होतीस. मी वाटच बघू राह्यल्ते. तू म्हणलीस राहू द्या. मला वाटलं, हिला न्हाई लागत."

तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्यावर ओरडावं, विळा उचलून फेकून द्यावा, असं वाटलं. पण काय म्हणून ओरडणार? मला ही रीत ठाऊक नव्हती का? आष्टीला माझी आईसुद्धा तेच करायची. आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी, जनावरासाठी, देवाला सांगून पूजेतली वस्तू उचलायची. मी लहानपणी स्वतः बघितलेलं होतं. अडलेल्याला देव अडवत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. फक्त आपलं काही अडलंय असं मला म्हणता आलं नाही. म्हशीला ओरडता आलं. मला नाही.

लोक समजूत घालायला आले. "ते सर्टिफिकेट तरी चाललं असतं का, कोणाला ठाऊक." मी म्हटलं, "चाललं नसतं तर मी त्यांच्याशी भांडले असते. मला भांडायला तरी मिळायला पाहिजे होतं." त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. भरती आली, मी आठशे मीटर पळाले, पुन्हा घोडं तिथंच पेंड खायला थांबलं. वय संपलं. आता मी एका कंपनीच्या दारावर सुरक्षारक्षक आहे. गणवेश आहे, पण खाकी नाही, निळा आहे. आत जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासते.

सासूनं त्या दिवसानंतर कधी ताटली म्हटलं नाही. दर खंडेनवमीला ती न चुकता फडताळावरून चकती काढते, धुते, विळ्याशेजारी मांडते. मला ते बघवत नाही, आणि "नका मांडू" असंही म्हणवत नाही. ती बिचारी आपल्या परीनं काहीतरी भरून काढत असते.

आता तिचे गुडघे गेलेत, गवत मीच कापते. गेल्या दसऱ्याला पहाटे म्हैस ओरडायला लागली. मी उठले, हातपाय धुतले, पाटासमोर बसून देवीला कुंकू लावलं. म्हटलं, बाई, जनावर उपाशी आहे, घेते. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की माझं मलाच कसंतरी झालं. विळा उचलला. शेजारी चकती होती, मधोमध हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. तिला मी हात लावला नाही. आता तिच्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं.